सर, फोन बंद ठेवू नका

ताई,

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पीएचडी पंचगंगेच्या पुरावर केली, त्यामुळे २०१९च्या महापुरापासून दर पावसाळ्यात चॅनेलवाल्यांचे फोन येतात. गेल्या पावसाळ्यात एका रिपोर्टरशी अकरा मिनिटं बोललो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणामागे तुंबून वर सरकणाऱ्या पाण्याचा परिणाम कुठपर्यंत होऊ शकतो, कुठे होत नाही, आकडे काय सांगतात, सगळं समजावलं. दाखवलं ते चौदा सेकंद. ‘फुगवटा हेही एक कारण असू शकतं’ एवढंच, आणि खाली पट्टी, ‘अलमट्टीनेच बुडवलं, प्राध्यापकांचा दावा’. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून विचारलं, कोणाच्या परवानगीने बोललात? पुढच्या आठवड्यात दुसऱ्या चॅनेलच्या चर्चेत २०१९च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीचा, अलमट्टीला दोषी न धरणारा निष्कर्ष सांगितला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मी कर्नाटकचा दलाल ठरलो. स्टाफरूममध्ये ‘टीव्हीवाले सर’ म्हणतात. बायको म्हणते, कशाला नसती उठाठेव? शिरोळ तालुक्यातल्या एक मावशी मात्र पाणी चढलं की रात्री फोन करून विचारतात, ‘सर, जनावरं हलवू का?’ त्यांना नंबर कुठून मिळाला कोण जाणे. यंदा मृगाच्या आधीच फोन बंद करून टाकावा असं वाटतंय. चुकतोय का मी?

एक प्राध्यापक

*

सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या मावशींच्या ओळीशी थांबले. सगळा मनस्ताप सांगून झाल्यावर, अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही ती लिहिली आहे. माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. फोन बंद ठेवू नका. रात्रीच्या चर्चांना जाणं मात्र आजपासून थांबवा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि तुमचा सगळा त्रास त्या एकत्र झाल्यामुळे होतोय असं मला वाटतं.

मी सतरा वर्षं एका मराठी वृत्तवाहिनीच्या इनपुट डेस्कवर काढली. पाहुणे गोळा करणं हे माझं काम. माझ्याकडे एक जाड वही होती, विषयवार. भूकंप, कांदा, अर्थसंकल्प, पूर. प्रत्येक विषयाखाली चार-पाच प्राध्यापक आणि नावापुढे माझ्या खुणा. ‘लगेच उचलतात’ याला एक टिंब, ‘थोडक्यात बोलतात’ याला दोन. कोणाचा अभ्यास किती खोल आहे, याला माझ्या वहीत खूण नव्हती. संध्याकाळी साडेपाचला विषय ठरायचा, सातला चर्चा, आणि मधल्या दीड तासात पडद्यावरच्या चार चौकटी भरायच्या. जो पहिल्या रिंगला उचलेल तो तज्ज्ञ. तुमचं नाव चॅनेलच्या यादीत कसं टिकतं, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून हे सांगते.

त्या काळातली एक रात्र माझ्या मनातून जात नाही. कोयना परिसरात भूकंपाचा हलका धक्का बसला होता. मी भूगर्भशास्त्राच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना फोन लावला. ते सांगू लागले की १९६७च्या डिसेंबरातल्या मोठ्या भूकंपानंतर त्या भागात लहान धक्के सतत नोंदले जातात, आजचा धक्का त्यातलाच दिसतो, पण एका धक्क्यावरून पुढचं काही सांगता येत नाही. माझ्यासमोर घड्याळ होतं. मी म्हटलं, “सर, धरणाला धोका आहे की नाही? हो की नाही, एवढंच सांगा.” पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, “बाई, हो म्हटलं तर पाटणची माणसं पोरंबाळं घेऊन रात्रभर रस्त्यावर बसतील. नाही म्हटलं आणि उद्या काही झालं, तर ती माझ्या शब्दावर घरात झोपलेली असतील. माझं वाक्य पुरतं घेणार असाल तर घ्या.” आम्ही घेतलं नाही. वहीतलं पुढचं नाव घेतलं, ज्यांनी ‘नाही, अजिबात नाही’ असं ठणकावून सांगितलं. त्या रात्री काही झालं नाही, म्हणून कोणी विचारलं नाही. मला मात्र ते अजून टोचतं.

असं काही झालं तर काय होतं, हे इटलीतल्या लाक्विला शहराने पाहिलं आहे. २००९च्या सुरुवातीला तिथे महिनोन्‌महिने बारीक धक्के बसत होते. तज्ज्ञांची बैठक व्हायची होती, आणि त्या सुमारास नागरी संरक्षण विभागाच्या उपप्रमुखांनी टीव्हीच्या पत्रकाराला सांगितलं की धक्क्यांमधून ऊर्जा बाहेर पडते आहे, म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे. ते स्वतः भूकंपशास्त्रज्ञ नव्हते. मोठा धक्का बसला की रात्र घराबाहेर काढायची, ही त्या गावाची जुनी रीत. ६ एप्रिलच्या पहाटे जो भूकंप झाला, त्याआधीच्या रात्री कित्येक कुटुंबं त्या दिलाशामुळे घरात राहिली, असं मागे राहिलेल्यांनी कोर्टात सांगितलं. ३०९ माणसं गेली. २०१२ मध्ये ते अधिकारी आणि सहा शास्त्रज्ञ अशा सात जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ सुटले, त्या अधिकाऱ्यांची शिक्षा दोन वर्षांवर आली. भूकंप आधी सांगता येत नाही, म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा होणं मला कधीच पटलं नाही. पण टीव्हीवरचं एक सैल वाक्य कुठपर्यंत जातं, हे त्यातून कळतं. तुमच्या मावशी जनावरं हलवायची की नाही हे विचारतात, तेव्हा त्याच जागी उभ्या असतात.

आता चर्चांबद्दल. चौकटीत बसलेल्या माणसाला तिथे ठाम बोलण्यासाठीच बोलावलेलं असतं. एक बाजू तुमची, दुसरी कोणाची तरी, मध्ये अँकर. फिलिप टेटलॉक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सुमारे वीस वर्षं २८४ तज्ज्ञांची राजकीय-आर्थिक भाकितं गोळा करून ती पुढे खरी ठरली का ते तपासलं आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. माध्यमांत ज्यांना जास्त मागणी, त्यांची भाकितं इतरांपेक्षा कमी बरोबर निघाली होती. मला त्याचं नवल वाटलं नाही, माझी वही आठवली. ‘याचा अमुक, त्याचा तमुक, सगळं धरून पाहावं लागेल’ असं म्हणणाऱ्याच्या नावापुढे मी दोन टिंबं कधी दिली नव्हती. तुम्ही त्या जातीचे दिसता. चर्चेत तुम्ही हरणारच, आणि तुमच्याबरोबर तुमचा विषयही हरेल. तिथे नाही म्हणताना अपराधी वाटून घेऊ नका.

फोनवरची मुलाखत, वर्तमानपत्राला दिलेली माहिती आणि आकाशवाणी यांना मात्र हो म्हणा. त्यासाठी हातात काही युक्त्या हव्यात. त्या मी डेस्कच्या बाजूने पाहिलेल्या आहेत, म्हणून खात्रीने सांगते.

पहिली युक्ती तुमच्या त्या चौदा सेकंदांतूनच निघते. आपण मराठी माणसं खरं बोलणं ‘पण’च्या पुढे ठेवतो. ‘फुगवटा हेही एक कारण असू शकतं, पण...’ असं म्हणून मग मुद्द्यावर येतो. वर्गात हे चालतं, कारण मुलं ‘पण’ची वाट बघतात. एडिटिंगच्या टेबलावर बसलेला मुलगा ‘पण’च्या आधी कापतो. त्याच्या मनात खोट नसते, त्याला श्वासाची जागा हवी असते आणि ती तिथे मिळते. म्हणून ‘पण’च्या पुढचं आधी आणा. ‘एवढा पाऊस एवढ्या थोड्या दिवसांत पडला, हे पुराचं पहिलं कारण. अलमट्टीचा वाटा किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.’ आता कुठेही कापू दे. दोन्ही तुकडे तुमचेच राहतात. अंगवळणी पडेपर्यंत घरी मोठ्याने म्हणून बघा. मी वर्तमानपत्रांतल्या वार्ताहरांना हेच सांगत आले आहे, की प्राध्यापकाचं वाक्य मोडू नका, पण प्राध्यापकांनीही मोडलं तरी चालेल असं वाक्य द्यावं.

दुसरी, बोलायच्या आधी रिपोर्टरला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी लिहून पाठवा. नाव, पद, आणि तुमचं म्हणणं एका वाक्यात. पट्टी लिहिणारा माणूस तुमची मुलाखत ऐकतच नाही. तो रिपोर्टरने फोनवर ओरडून सांगितलेले चार शब्द टाइप करतो. तयार मजकूर हाताशी आला तर घाईत तोच चिकटवला जातो. शिवाय उद्या प्राचार्यांनी विचारलं, तर तुम्ही काय म्हणाला होतात ते वेळेसह तुमच्या फोनमध्ये असतं.

तरीही विपर्यास झालाच, तर पहिल्या तासात हालचाल करा. रिपोर्टरवर चिडू नका, पट्टी त्याने लिहिलेली नसते. त्याला शांतपणे सांगा की पट्टी बदला, आणि यूट्यूबवर टाकाल त्या क्लिपचं शीर्षकही बदला. पट्टी दहा मिनिटांत जाते, क्लिप पाच वर्षांनीही पुढच्या पुराच्या वेळी कोणीतरी काढून फिरवतो. तुम्ही तेव्हा गप्प बसलात असं पत्रावरून दिसतं. माझ्या सतरा वर्षांत तासाभरात दुरुस्ती मागणारे प्राध्यापक एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांच्या बहुतेक दुरुस्त्या झाल्या.

प्राचार्यांचं म्हणणं उडवून लावू नका. सरकारी महाविद्यालयात असतात त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. तुम्ही अनुदानित संस्थेत आहात, तेव्हा विद्यापीठाचे परिनियम, संस्थेची नियमावली आणि तुमचं नेमणुकीचं पत्र काढून वाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या विनियमांत शिक्षकाच्या आचारसंहितेचा भाग आहे, तोही वाचा. समाजात जाऊन काम करणं हे शिक्षकाच्या कर्तव्यातच धरलेलं आहे. मग जून उजाडायच्या आत प्राचार्यांना स्वतःहून एक पत्र द्या, की पूर आणि नदीच्या भूगोलावर माध्यमांनी विचारलं तर मी माझ्या अभ्यासाच्या आधारे माहिती देईन, संस्थेच्या वतीने बोलणार नाही, तासिकेच्या वेळेत बोलणार नाही. पोच घ्या. पुष्कळ प्राचार्यांना हरकत बोलण्याची नसते. संस्थाचालकांचा फोन आला आणि आपल्याला काहीच माहीत नव्हतं, याची असते.

स्टाफरूमचं मनाला लावून घेऊ नका. हेच सहकारी विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाच्या व्याख्यानाला आणि गणपतीच्या व्याख्यानमालेला हौसेने जातात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून शिकलेल्या माणसाने चार लोकांत येऊन सांगावं, ही आपल्याकडची मान्य रीत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या शिव्यांचं दुःख वेगळं आहे, ते मी समजू शकते. सांगली-कोल्हापुरात ज्याचं घर २००५ला, २०१९ला आणि पुन्हा २०२१ला पाण्यात गेलं, त्याला कोणावर तरी बोट ठेवायचं असतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिली, तेव्हापासूनची धास्ती खरी आहे. वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरलं नाही, आणि तो निष्कर्ष न मानणारे अभ्यासक, कार्यकर्ते तुमच्याच जिल्ह्यात आहेत. अशा वेळी ‘हे समितीचं म्हणणं, हे त्यावर आक्षेप घेणाऱ्यांचं, आणि माझ्या मोजणीत मला दिसलं ते हे’ अशी तीन वाक्यं वेगवेगळी ठेवा. तुमच्या मोजणीत काही दिसलं नसेल, तर तेही म्हणा. दलाल म्हणणारा म्हणेलच. पण ज्याच्या घरात चिखल आहे असा एखादा माणूस ते नीट ऐकेल, आणि तुम्ही त्याच्यासाठी बोलताय.

विषयाबाहेर जाऊ नका. पुरावर बोलता बोलता ‘सर, सरकार कमी पडलं का?’ असं विचारतात. तो प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याचं उत्तर नदीच्या मोजमापात नाही. ‘निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत बांधकामं झालेली आहेत, ती मी स्वतः पाहिली आहेत’ हे तुम्ही म्हणू शकता. ते पुरेसं बोचरं आहे आणि त्याला आधार आहे. तसंच ‘ढगफुटी झाली का?’ विचारलं, की हो-नाही न म्हणता तासात किती मिलिमीटर पडला ते विचारा. वीस-तीस चौरस किलोमीटरांच्या भागात तासाला १०० मिलिमीटर, हे त्या शब्दाचं माप आहे. जोराच्या प्रत्येक सरीला ढगफुटी म्हणत गेलो, तर खरी झाली त्या दिवशी कोणाच्या कानावरची माशी हलणार नाही.

आणि आकडे उलगडून द्या. माध्यमांत तुम्ही लागता ते खरं यासाठी. राधानगरी धरणाचा स्वयंचलित दरवाजा उघडला की टीव्हीवर लाल अक्षरं येतात आणि पंचगंगेकाठची माणसं हादरतात. एका दरवाजातून साधारण १,४०० क्युसेक पाणी येतं, भरल्या पुराच्या मानाने ते किती थोडं, हे सांगायला कोणी नसतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आणि एक लाख क्युसेक पाणी दिवसभर सोडलं तर साधारण साडेआठ टीएमसी होतं. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, अलमट्टी १२३. एवढं जरी ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसलं, तरी विसर्गाची बातमी तो स्वतः वाचू शकेल. हे सांगायला एक मिनिट लागतं. ते मिनिट टीव्हीवर मिळणार नाही, आकाशवाणीच्या सांगली किंवा कोल्हापूर केंद्रावर मिळेल, तालुक्याच्या वर्तमानपत्रात चौकट म्हणून मिळेल. मे महिन्यातच त्यांच्याकडे जा. पूर आल्यावर कोणालाच वेळ नसतो.

वहिनींचं म्हणणं ऐका. पावसाळ्यात संध्याकाळचा एक तास ठरवा, सहा ते सात म्हणा, आणि तेवढाच माध्यमांना द्या. कोण कुठल्या वेळेला बोलतं ते त्यांना लगेच कळतं, आणि वहीत तशी खूण होते. मावशींच्या फोनला वेळ लावू नका.

त्या मावशींना तुम्ही काय उत्तर देता, ते पत्रात नाही. माझा अंदाज आहे, तुम्ही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगत असाल. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण बंधारा कोल्हापूरला, मावशी शिरोळला. तिथे पंचगंगेचं पाणी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं, आणि कृष्णा फुगलेली असली की ते तुंबतं. त्यांच्या गोठ्याचं गणित कोल्हापूरच्या फुटांत पुरतं बसत नाही, सांगलीतल्या, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळीही त्यात धरावी लागते. तेव्हा पुढच्या वेळी उत्तर द्यायच्या आधी त्यांनाच विचारा. २०१९ला पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं तेव्हा कुठला दिवस होता? त्याआधी ते कुठे होतं, मारुतीच्या देवळाच्या कितव्या पायरीला? जुन्या बायकांना हे तारखेवार आठवतं. तो दिवस आणि ती पायरी घेऊन बंधाऱ्याची आणि आयर्विन पुलाची त्या दिवसाची नोंद काढा, म्हणजे त्यांच्या गोठ्याची धोका पातळी तुम्हाला मिळेल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प हवाच असतो. नदीकाठच्या एकेका गावात दोघं-दोघं पाठवा, पायऱ्या मोजू द्या, वहीत उतरवू द्या. त्यातली चाळीस गावं जरी जूनपर्यंत झाली, तर पहिला रिपोर्टर फोन करेल तेव्हा त्याला अलमट्टीवर मत देण्याऐवजी ती यादी द्या आणि म्हणा, ही आज रात्री पट्टीत चालवा, गावाचं नाव आणि पुढे फूट.

एखादं चॅनेल नाही म्हणालं, तर मला कळवा. त्या वहीतले बरेच नंबर अजून माझ्याकडे आहेत, आणि पलीकडच्या बाजूचेही.